बोटभर जास्त

“सरका वं, बोटभर सरका. एक मानूस बसतंय.”

परंडा-कुर्डुवाडी गाडीच्या कंडक्टर मावशी हे म्हणताना उजव्या हाताचं पहिलं बोट उभं धरायच्या. पार मागच्या बाकावरच्यालाही ते दिसायचं. बोटभर जागेत माणूस बसेल कसा, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं. पण बाकावरचे तिघं खरोखर बोटबोटभर सरकायचे आणि चौथा टेकायचा.

मावशींचं सगळं बोटावर मोजलेलं असायचं. गाडी रखडली, की “बोटभर उशीर झालाय, बोंबलू नका.” कुणी भांडायला उठला, की “आवाज बोटभर खाली घ्या.” स्टँडवरच्या चहावाल्याला, “साखर बोटभर टाक रं, हात आखडू नको.” तुमच्याही रस्त्याला असा एखादा कंडक्टर असेल. फक्त त्याच्या खिशात तुरीच्या काड्या नसतील.

त्या काड्यांचं सांगते. आमच्या रस्त्यावरच्या बायकांना लेकरांसाठी चपला घ्यायच्या असल्या, की त्या लेकराच्या पावलाएवढी काडी मोडून मावशींच्या हातात द्यायच्या. कुर्डुवाडीला गाडी तासभर थांबायची. तेवढ्यात मावशी दुकानात काडी लावून चप्पल घ्यायच्या आणि परतीला फाट्यावर उतरवून द्यायच्या. काडी देणाऱ्या बाईला मात्र आधी दटावायच्या, “बोटभर जास्त मोड गं बये. पाय वाढतंय. चार म्हैन्यात पुन्हा रडत येशील.”

मी याच रस्त्यावरच्या एका फाट्यावरून परंड्याच्या कॉलेजला जायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पास बघून मावशींनी विचारलं होतं, “किती वर्सं हायस आमच्या गाडीत?” मी म्हणाले, “तीन.” त्यांनी दाराजवळच्या खिडकीकडं बोट केलं. “मग ही खिडकी तुजी. पर म्हातारं मानूस आलं की उठायचं.”

दुसऱ्या वर्षापासून मी त्या गाडीत कमी आणि गाडीच्या मागं जास्त असायची. पुण्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या खेळाडूनं आपली शर्यतीची सायकल कॉलेजला दिली होती, आणि सरांनी ती माझ्या ताब्यात दिली. मी सकाळी रस्त्यावर सराव करायची. गाडी मला मागं टाकून गेली, की मावशी खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, “चल की! बोटभर राह्यलंय अंतर!” अंतर अर्थातच अर्धा मैल असायचं.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी धाराशिवजवळ ठरली. मला पुढं शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जायचं होतं. संघात आले, तर खेळाडूच्या जागेवर प्रवेश मिळणार होता. नाही आले, तर पुन्हा संधी नव्हती, कारण पुढल्या वर्षी मी कॉलेजातच नसणार होते. आणि चाचणी तोंडावर आलेली असताना मागच्या चाकाची ट्यूब गेली.

साधं पंक्चर असतं, तर काहीच नव्हतं. पण हवा भरायच्या तोटीच्या मुळाशीच ट्यूब फाटली होती. परंड्याच्या पंक्चरवाल्या चाचांनी ती पाण्यात बुडवून पाहिली. “बेटी, ठिगळ ट्यूबला बसतं. तोटीच्या बुडाला न्हाय बसत.”

नवी ट्यूब घ्यावी, तर दुसरीच पंचाईत. या सायकलची रिम इतर सायकलींसारखी चपटी नव्हती, चांगली तीन बोटं उंच होती. त्यामुळं तोटीही तितकी लांब लागायची. बाजारातल्या ट्यूबची तोटी रिमच्या पोटातच राहायची. बाहेर काही यायचंच नाही, मग हवा भरणार कुठून? चाचांनी नळी जोडून पाहिली, ती फुसफुसत राहिली. मोबाइलवरून मागवलेली ट्यूब आली, तिचीही तोटी आखूडच. पुन्हा मागवून तीही आखूड निघाली, तर वेळ उरणार नव्हता.

मी गाडीत बसून रडत होते. मावशींनी तिकिटं संपवली आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

“कोन मेलंय?”

“ट्यूब गेली, मावशी.”

“मग दुसरी घाल.”

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उद्या चाकाचं माप आन.”

“कशानं मोजू?”

“कशानं म्हंजी? काडीनं!”

दुसऱ्या दिवशी मी रिमच्या उंचीची तुरीची काडी घेऊन गेले. देताना विचारलं, “बोटभर जास्त मोडायची होती का?”

मावशी खो-खो हसल्या. “येडी का काय! लोखंड वाढतंय व्हय?”

मग त्यांनी त्या काडीवरून तशाच दहा-बारा काड्या मोडल्या आणि प्रत्येकीला लाल दोरा बांधला. कुर्डुवाडीच्या स्टँडवर सोलापूर, बार्शी, पुणे, लातूर, सगळीकडच्या गाड्यांचे कंडक्टर चहाला भेटतात. मावशींनी एकेकाच्या खिशात काडी खोचली. त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले होते.

“मावशी, उदबत्त्या कुठल्या देवाच्या?” सोलापूरच्या गाडीच्या कंडक्टरनं विचारलं.

“चाकाच्या. सायकलच्या दुकानात जायाचं, ही काडी तोटीला लावायची, बराबर आली की घिऊन यायचं.”

“आन् न्हाय भेटली तर?”

“तर माज्याशी बोलायचं न्हाय.”

चार दिवसांत सोलापूरहून ट्यूब आली. काडी लावून पाहिली, तर केसाचाही फरक नव्हता. मावशींनी परंड्याच्या स्टँडवरच चाक मांडायला लावलं. चाचा पंप घेऊन आले, ड्रायव्हर काका वाकून बघायला लागले, उतारू खिडक्यांतून डोकावायला लागले. ट्यूब बसली, तोटी रिमच्या भोकात आली आणि तिथंच थांबली. रिमच्या बरोबरीला. वर तिचं टोकसुद्धा नाही. पंपाला धरायला काहीच नव्हतं.

मावशींनी त्या भोकावर आपलं बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं.

“लोखंड वाढत न्हाय,” त्या अखेर म्हणाल्या, “पर पंपाला धराय बोट लागतंय की.”

“आख्ख्या रस्त्याला बोटभर शिकवता, मावशी,” ड्रायव्हर काका म्हणाले, “आन् आपल्या टायमाला इसरलात!”

“तुमी गाडी चालवा,” मावशी कडाडल्या. पण मला दिसलं, त्यांचे कान लाल झाले होते.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा काड्या मोडल्या. या वेळी प्रत्येक काडी बोटभर लांब, आणि दोरा हिरवा. “लाल काडी फेका,” त्या कुर्डुवाडीला येणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला बजावत होत्या, “हिरवी धरा. पोरगी आठ दिवसानं पळनार हाय.” माझ्या परीक्षेचीही इतकी चौकशी कधी कुणी केली नव्हती. ज्यांना मी ओळखत नव्हते, ते लोक खिशात माझ्या चाकाचं माप घेऊन गावोगाव फिरत होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी मावशींबरोबर कुर्डुवाडीला असताना पुण्याची गाडी आली. तिचा कंडक्टर उतरायच्या आधीच हात वर करून ट्यूब नाचवत होता. मावशींनी काडी लावली, मग स्वतःचं बोट लावलं, मगच ट्यूब माझ्या हातात दिली. परंड्यात चाचांनी पंप लावला. टोक धरलं. चाक दगडासारखं घट्ट झालं. मावशींनी टायर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, “आता काय सबब उरली न्हाय तुला.”

खरंच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी जी सुटले, ती वळणाच्या खांबापर्यंत मागं पाहिलं नाही. परतीला वारा तोंडावर होता. पुढं एकच मुलगी होती. तिचं मागचं चाक माझ्यापासून किती लांब आहे, हे बघताना मला खिडकीतून ओरडणारा आवाज ऐकू आला. या वेळी अंतर खरंच बोटभर होतं. मी पुढं गेले आणि पहिली आले.

सोमवारी मी फाट्यावर गाडीत चढले. गाडी खच्चून भरलेली. मावशींनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी मान डोलावली आणि ‘पहिली’ म्हणून एक बोट वर केलं. त्यांनी घंटीची दोरी अशी ओढली, की ड्रायव्हर काकांनी गाडी जागच्या जागी उभी केली.

“काय झालं वं?” एक म्हातारबाबा घाबरून म्हणाले.

“पोरगी विद्यापीठात पैली आली!” मावशी ओरडल्या. मग स्वतःच्या, कंडक्टरच्या सीटवरची पेटी उचलून त्यांनी मला तिथं बसवलं. त्या सीटवर त्या आमदारालाही बसू देत नसत. परंड्यापर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि जो चढेल त्याला तिकिटाच्या आधी माझा निकाल सांगत राहिल्या.

गंमत पुढंच आहे. सगळ्यांना हिरव्या काड्या वाटल्या होत्या, पण ‘आता पुरे’ हा निरोप सगळ्यांपर्यंत पोचला नाही. लातूरहून ट्यूब आली, बार्शीहून आली, कोल्हापूरच्या गाडीनंही एक आली. मावशी ती माझ्याकडं देताना म्हणायच्या, “घे, ठिव. दुकान टाक.”

दोन वर्षांपूर्वी मावशी रिटायर झाल्या आणि लेकाकडं गेल्या. मी आता बेंबळीकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्या मुली शर्यतीला जातात, तेव्हा कपाटात लांब तोटीच्या ट्यूब तयार असतात.

गेल्या महिन्यात धाराशिवच्या स्टँडवर मुलींना आणि दोन सायकलींना घेऊन गाडीची वाट पाहत उभी होते. एक तरुण कंडक्टर सायकलींकडं बघत बघत जवळ आला.

“मॅडम, या उंच चाकाच्या सायकलीला ट्यूब लागती का?” त्यानं बॅगेतून एक पुडकं काढलं. “आमच्या जुन्या कंडक्टरनं रिटायर होताना माझ्याकडं दिलीय. परंड्याच्या कुनी मावशी होत्या म्हनं, त्यांच्या पोरीसाठी. पोरगी काय सापडंना.”

पुडक्यावर तुरीची एक काडी बांधलेली होती. वाळून पिवळी पडलेली, पण दोरा अजून हिरवा.

मी तिथंच, स्टँडवरच्या गर्दीत, ती काडी तोटीला लावून पाहिली. बरोबर होती. बोटभर जास्त.