खालचा सूर

त्या टेपवाल्याची आठवण आली की अजूनही माझं डोकं फिरतं.

आरमोरीच्या आमच्या महिला मंडळात मी वरचा सूर धरायची आणि शेजारची बाई खालचा. ती खालून उचलून धरायची म्हणून माझा वर टिकायचा. जयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या गाण्यांची कॅसेट करायची ठरली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. तिची मुलगी सिरोंचाकडे दिलेली, वर्षवर्ष भेट नाही. बाईने आधीच तिला निरोप धाडला की कॅसेट येते आहे, त्यातला खालचा आवाज माझा.

पण टेपवाला भाऊ पडला दीडशहाणा. एका माइकवर दोन आवाज घेतले की खिचडी होते म्हणाला आणि बाईला दुकानाबाहेर बाकावर बसवलं. खालचा सूर तो यंत्रातून काढणार होता. त्यासाठी बाईची ओळ त्याने मलाच घाईघाईने, गळा ताणून उंच म्हणायला लावली. मग ती टेप हळू चालवून आवाज खाली उतरवला. तो वाजत असताना मी माझी ओळ गायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं. ते कधी जुळेना. माझं संपलं तरी मागचा आवाज अजून अर्ध्या शब्दात. दुपार गेली, घसा बसला. बाहेर जिवंत बाई बसली आहे, तिला आत घ्या, असं मी सांगून थकले.

"ताई, तुमाले यातलं नाई समजत," तो म्हणाला.

शेवटी जे निघालं ते सर्दी झालेल्या म्हशीसारखं होतं, आणि हा स्वतःवरच खूश.

बाईने ती एकदाच ऐकली. तरी मंडळाची कॅसेट म्हणून तिने ती मुलीकडे पाठवली.

काही दिवसांनी भर उन्हात मुलगी लेकरू काखेत घेऊन दारात. आलापल्लीला बस बदलून, रडत आलेली. आईचा आवाज असा जड, ओढलेला ऐकून तिला वाटलं, आईला लकवाच मारला. बाई अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्ही दोघींनी परोपरीने समजावलं, पण मुलगी आईचं तोंड चाचपतच राहिली. तेव्हा बाईने सूप खाली ठेवलं आणि ती ओळ म्हटली, एकटीने. मुलगी भिंतीला टेकून खाली बसली.

"मंग हेच पाठवाचं होतं नं, माय," ती म्हणाली.

"मले गाऊ देलं असतं तं पाठवलं असतं," बाई म्हणाली.