आधी ऐकून घ्या, मग खोली घ्या

खोलीची किल्ली ते लगेच देत नसत. मुठीत धरून ठेवत, मूठ काउंटरवर टेकवत आणि म्हणत, "आधी ऐकून घ्या. मग घ्यायची का नाय ते ठरवा."

त्या दिवशी मी आणि माझे वडील, अण्णा, परभणीकडून चार तासांचा प्रवास करून आलो होतो. गाडीत बसून अण्णांची पाठ ताठली होती. मला फक्त एक पलंग हवा होता. पण काउंटरमागचा तो साठीचा माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर, शांतपणे सांगत राहिला.

"लिफ्ट बंद हाय. मेकॅनिक येणार म्हणून मालक सांगतेत, पण दिवाळीपासून मी तरी त्याला बघितलेला नाय. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात. साडेसात म्हणजे सव्वासातच धरा. बाजूला मंगल कार्यालय हाय, तिथीच्या दिवशी दुपारी एकमेकाचं बोलणं ऐकू येत नाय. नावात गार्डन हाय, पण झाडं नायत. मालकांच्या आईला झाडं आवडायची, म्हणून नाव तसं."

मी विचारलं, "तळमजल्यावर खोली आहे का? यांना जिना चढता येत नाही."

"एकच हाय. स्वयंपाकघराला लागून. दिवसभर फोडणीचा वास येतो. मी ती कुणाला देत नाय." मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं. "पण तुम्हाला घ्यावीच लागंल."

तुम्हीही अशा हॉटेलात कधी राहिला असाल. फोटोत पडदे असतात, फुलदाणी असते, आणि आत गेल्यावर कळतं की फोटो काढणाऱ्याने कुठे उभं राहायचं ते नीट ठरवलं होतं. शहराच्या कडेला, गारखेड्याच्या पुढे, बायपासच्या अंगाला असलेलं ते हॉटेल मी दवाखाना जवळ म्हणून घेतलं होतं. खोलीची खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर भिंत. चादरी स्वच्छ होत्या, पण कायम थोड्या दमट. न्हाणीघराचं दार लावायला खांद्याने रेटा द्यावा लागे. पंखा तीनवर ठेवला की हलायचा आणि दोनवर ठेवला की वारा लागत नसे. आम्ही तिथं सोळा दिवस राहिलो. एकही दिवस असा गेला नाही की मी मनातल्या मनात चिडले नाही.

चीड त्यांच्यावर मात्र काढता येत नसे, कारण यातलं सगळं त्यांनी आधीच सांगितलेलं असायचं.

त्यांचं नाव तिथं कुणी घेत नसे. स्वयंपाकी, धुणंवाला, रिक्षावाले, सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागले. अण्णा तेवढे 'मॅनेजरसाहेब' म्हणत. अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. खिडकीच्या मागे बसून लोकांना तोंड देणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता.

मामा अजिंठ्याकडचे. घरी थोडी शेती, ती मुलगा बघायचा. वीस वर्षांपूर्वी मालकांच्या वडिलांनी त्यांना इथं आणून बसवलं, तेव्हापासून ते त्या खुर्चीवर. मी एकदा विचारलं, "मामा, गिऱ्हाईक आल्या आल्या सगळे दोष सांगायची काय गरज?"

ते म्हणाले, "नाय सांगितलं तर माणूस वर जातो, बघतो, परत खाली येऊन भांडतो. मग मला दुसरी खोली दाखवायला जिना चढावा लागतो. माझे गुडघे दुखतेत."

एवढंच कारण असेल असं मला वाटलं नाही, पण त्यांनी दुसरं दिलं नाही.

एक जोडपं नागपूरहून आलं होतं. हॉटेलबाहेर उभ्या राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने त्यांना दुसऱ्या दिवशीची वेरूळची फेरी ठरवून दिली. मामा काउंटरवरून म्हणाले, "उद्या मंगळवार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतेत. घृष्णेश्वराचं दर्शन होईल तेवढं. उद्या अजिंठा करा, वेरूळ परवा." टॅक्सीवाला दोन दिवस मामांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला, कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही धंदा बसवणार एक दिवस." मामांनी त्याला चहा सांगितला. "व्हय. आमचा बी बसत आलाय," ते म्हणाले.

मालक पुण्याला राहत. इंटरनेटवर लोक हॉटेलबद्दल लिहितात, त्याला उत्तर द्यायचं काम त्यांनी मामांकडे दिलं होतं आणि वाक्यही ठरवून दिलं होतं: 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आम्ही लवकरच सुधारणा करू.' मामांनी ते एकदाही वापरलं नाही. मी कंटाळून एका दुपारी ती उत्तरं वाचत पडले होते. कुणी लिहिलं होतं, टॉवेल जुनाट. खाली उत्तर: 'बरोबर आहे. तीन वर्षांचे आहेत. नवीन मागितले आहेत, आलेले नाहीत.' कुणी लिहिलं होतं, चहा थंड दिला. खाली उत्तर: 'चहा गरम होता. आपण फोनवर बोलत होता. दुसरा मागायला पाहिजे होता.'

मी ती अण्णांना वाचून दाखवली. अण्णा पाठ धरून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

आता अण्णांचं सांगायला हवं. त्यांचा आजार फुप्फुसात सुरू झाला आणि कळेपर्यंत मणक्यात उतरला होता. रेडिएशनचे दहा शेक दिल्याने दुखणं कमी होईल, आजार जाणार नाही, असं डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला समोर बसवून सांगितलं. आम्ही अण्णांना सांगितलं, मणक्यात गाठ आहे, शेक दिले की विरघळेल. दादा फोनवर म्हणाला, "त्यांना कळलं तर ते खचतील." मला ते पटलं. किंवा पटवून घेणं सोपं होतं.

मामांचा स्वभाव लक्षात आल्यावर मला धास्ती वाटू लागली. अण्णा रोज शेक घेऊन आले की तासभर काउंटरजवळच्या खुर्चीत बसत. तिसऱ्या दिवशी अण्णा झोपलेले पाहून मी मामांकडे गेले. म्हटलं, "मामा, अण्णांना त्यांच्या आजाराचं सगळं माहीत नाही. तुमच्याशी बोलतात म्हणून सांगते..."

त्यांनी हात वर केला. "ताई, पुढचं सांगू नका. आपणहून मी काय बोलणार नाय. पण त्यांनी विचारलं तर मला 'काय झालं नाय' असं म्हणता येणार नाय. म्हणून मला सांगूच नका." मग म्हणाले, "इथं दवाखान्याची लई माणसं उतरतेत. काही गोष्टी न सांगता बी कळतेत."

सातव्या शेकाच्या दिवशी मी अण्णांना काउंटरजवळ बसवून औषधं आणायला गेले. परत आले तर खुर्ची रिकामी. मामा काउंटरच्या बाहेर येऊन उभे होते. ते कधी बाहेर येत नसत.

"आधी ऐकून घ्या," ते म्हणाले. "अण्णांनी विचारलं. म्हणाले, मॅनेजरसाहेब, माझ्या बाकावर बसणाऱ्या कुणाला तीस शेक हायत, कुणाला पस्तीस. मला दहाच. म्हणजे मी लवकर बरा होणार का? मी म्हणलं, अण्णा, याचं उत्तर मी द्यायचं नाय, ते ताईंनी द्यायचं. ते म्हणाले, तुम्ही नुसतं हो म्हणा. मला हो म्हणता आलं नाय. मी गप राहिलो. ते उठून आत गेले."

मला राग आला, आणि तो सोळा दिवसांतला सगळ्यात मोठा राग होता. "तुम्हाला काय अधिकार होता? एक शब्द म्हणायला काय जात होतं तुमचं? एक हॉटेल धड चालवता येत नाही, आणि आमच्या घरातल्या गोष्टीत कशाला बोलता?"

टॅक्सीवाला दारात होता. स्वयंपाकी बाहेर आला होता. मामा मान खाली घालून उभे राहिले.

"हॉटेलचं म्हणालात ते खरं हाय," ते म्हणाले. "आता आत जा ताई. ते एकटे हायत."

अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आत आल्याचं त्यांना कळलं. "बस," ते म्हणाले. "दहाच का, ते सांग."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. शेजारी कुकरची शिट्टी होत होती आणि प्रत्येक शिट्टीला मी थांबत होते, एवढं आठवतं. माझं बोलून झाल्यावर अण्णांनी विचारलं, "दादाला माहीत आहे?"

"हो."

"सूनबाईला?"

"हो."

"म्हणजे मीच राहिलो होतो." मग म्हणाले, "गाडी रद्द झाली की मी लगेच पुकारायचो. लोक शिव्या द्यायचे. पण दुसरी गाडी तरी बघायचे. तुम्ही मला नुसतं फलाटावर बसवून ठेवलं."

मी रडले. ते रडले नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी अण्णांनी तीन गोष्टी ठरवल्या. पाठ कमी दुखत होती, म्हणून उरलेले तीन शेक घ्यायचे. दादा त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायच्या तयारीत होता, तिथं जायचं नाही, घरी जायचं. आणि त्यांच्या बहिणीला, माझ्या आत्याला, इकडे बोलावून घ्यायचं. दोघांचं शेताच्या बांधावरून बिनसलं होतं आणि सहा वर्षं बोलणं नव्हतं. मी फोन लावून दिला. अण्णा म्हणाले, "मी आजारी आहे. बरा होणार नाही. ये." आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन हजर झाली.

मामांनी तिच्यासाठी आमच्या खोलीत गादी टाकून दिली. "गादी पातळ हाय, आत्याबाई," ते म्हणाले. "मधोमध झोपू नका, तिथं कापूस राहिलेला नाय. भिंतीच्या बाजूला झोपा." आत्या माझ्याकडे बघायला लागली. अण्णा तिला म्हणाले, "ते म्हणतात तसं कर."

ते चार-पाच दिवस भावा-बहिणीने लहानपणच्या गोष्टी काढण्यात घालवले. मंगल कार्यालयातला बँड सुरू झाला की दोघं थांबत, बँड थांबला की तिथून पुढे सुरू करत. बांधाचा विषय एकदाच निघाला. आत्या म्हणाली, "मी बी लई ताणलं." अण्णा म्हणाले, "मीही." तो विषय तिथंच संपला.

मामांशी मी नीट बोलत नव्हते. चूक त्यांची नाही हे मला कळत होतं, पण तसं कबूल करवत नव्हतं. निघायच्या दिवशी अण्णा गाडीत बसल्यावर मी काउंटरपाशी गेले. म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी फार बोलले. राग धरू नका."

"राग आला होता," ते म्हणाले. "दोन दिवस होता. आता नाय."

मग ते बाहेर आले, गाडीच्या खिडकीशी वाकले आणि अण्णांचा हात हातात घेतला. अण्णांना 'लवकर बरे व्हा' न म्हणणारा त्या महिन्यातला तो एकच माणूस.

घरी आल्यावर मी इंटरनेटवर त्या हॉटेलबद्दल लिहिलं. लिफ्ट, भिंत, दार, पंखा, चादरी, सगळं जसं होतं तसं. मामांबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून लिहिलं नाही. दोन दिवसांनी खाली उत्तर आलं: 'सगळं खरं आहे. कुकरच्या शिट्टीचं राहिलं.'

वर्षभराने अण्णांचे काही कागद आणायला पुन्हा शहरात जावं लागलं. दवाखान्यातलं काम आटोपून मी हॉटेलवर गेले. दर्शनी भाग नवा रंगवला होता. काउंटरमागे एक चुणचुणीत मुलगी होती, तिने हसून स्वागत केलं आणि विचारण्याआधीच किल्ली पुढे केली. मी म्हटलं, खोली नको, मामा कुठे आहेत? तिने मामा हे नाव ऐकलेलं नव्हतं.

स्वयंपाकी जुनाच होता. हात पुसत बाहेर आला. "मामा तो गाँव को चले गए, ताई. घुटने जवाब दे दिए. मालिक बोले, अब आराम करो." त्याने मला नंबर लिहून दिला.

मी हॉटेलच्या पायरीवर बसूनच फोन लावला. आधी त्यांच्या सुनेने घेतला, मग ते आले. मी नाव सांगितलं, तळमजल्यावरची खोली सांगितली. त्यांनी लगेच ओळखलं.

"अण्णा?" त्यांनी विचारलं.

"गेले. मार्चमध्ये. घरीच."

पलीकडे शेळी ओरडल्याचा आवाज आला. कुणीतरी तिला हाकललं.

"त्रास झाला का?"

हा प्रश्न मला मार्चपासून अनेकांनी विचारला होता आणि प्रत्येकाला मी 'नाही, शांतपणे गेले' असंच सांगितलं होतं. उशिरा पोचलेल्या दादाला, आत्याला, शेजाऱ्यांना. तेच वाक्य तोंडात तयार होतं.

"झाला," मी म्हणाले. "शेवटचे चार दिवस फार झाला. मला बघवत नव्हतं."

रस्त्यावरून एक टँकर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत फोन तसाच चालू होता.

"ताई," ते म्हणाले, "मी आता फोन ठेवतो. मला बोलता येईना."