काटेमामांची दुसरी चक्कर

गाडी दारात आली की काटेमामा मालकाशी बोलायच्या आधी खाली वाकायचे, टाकीवर बोटांनी टकटक करायचे आणि जाहीर करायचे, "सहा लिटर आहे. काटा काई म्हनो." रिसोडमध्ये पेट्रोलचा काटा दुरुस्त करावा तर त्यांनीच, म्हणून हे नाव. खरं आडनाव मलाही कधी कळलं नाही.

त्यांचा एक हट्ट होता. काट्याला दोन चकरा. "शुगर कशी तपासतात सर? उपाशीपोटी अन् जेवल्यावर. गाडीचंही तसंच." माझी जुनी गाडी त्यांनी उपाशी आणायला सांगितली होती. मी आळशी माणूस, टाकी भरूनच नेली. मामा चिडले नाहीत. टाकीत पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा फ्लोट काढून त्यांनी त्याची दांडी किंचित वाकवली आणि म्हणाले, "वरचं बसलं, खालचं बाकी आहे. टाकी रिकामी व्हाले आली की या. तोवर काट्यावर भरोसा ठेवू नका."

मी गेलो नाही. त्याच आठवड्यात भाचीच्या सोयरिकीसाठी गावातल्या एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याला घेऊन किन्हीराजाला निघालो. स्थळ त्यांनीच सुचवलं होतं. काटा पाव टाकी दाखवत होता आणि गाडी मालेगावच्या पुढं भर उन्हात गप्प बसली. पेट्रोल संपलं होतं. शेट घाम पुसत माझ्याकडे बघत राहिले. आणि मी, पंचवीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारा, म्हणालो, "काटेमामांनी परवाच दुरुस्त केला होता. म्हाताऱ्याचा हात गेला आता."

शेटच्या चार जीपा दुरुस्तीला मामांकडे असायच्या. त्या दुसरीकडं जाऊ लागल्या, मग त्यांच्या ओळखीच्यांच्याही.

महिन्याभरानं मी रिकामी टाकी घेऊन गेलो. दुकानात मामा एकटेच होते. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, "शेटनं गाड्या काहून काढल्या, काई समजून नाई राह्यलं. माह्या हातानं काय चुकलं, तुमी इचारून पाहा ना. तुमची उठबस आहे त्याईच्यात."

"विचारतो," मी म्हणालो.

पुढं भेटले की मामा म्हणायचे, "इचारलं का सर?" मी म्हणायचो, भेटच नाही झाली. मग त्यांनी विचारणं सोडलं आणि मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. लाज फार वाटायची, पण तोंड उघडावं इतकी कधी वाटली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. मातीवरून परतताना शेट माझ्या शेजारून चालत होते. "मानूस देव होता," ते हळू आवाजात म्हणाले. "शेवटी शेवटी फक्त हात चुकाले लागला होता. नाई का सर?"

मी 'हो' म्हणालो.