मोजणीदारकाकांचं लोखंडाशी वैर

आमच्या शेजारी राहणाऱ्या मोजणीदारकाकांइतकं लोखंडाशी वैर नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी धरलं नसेल. त्यांच्या कोटाला पितळी बटणं होती, चपला खिळ्यांऐवजी दोऱ्याने शिवलेल्या होत्या आणि छत्री नेहमी काकूंच्या हातात असे. अडकित्ता द्यायचा झाला तरी ते तो हातभर लांब धरत आणि दुसरा हात खिशातल्या होकायंत्रावर ठेवत. नोकरी सुटली तरी होकायंत्र सुटलं नव्हतं. मारुतीच्या देवळात जातानाही ते आधी दिशा पाहत. देऊळ त्यांच्या ओट्यावरून दिसत असे.

कारण जुनं होतं. पाथर्डीच्या बाजूला ते मोजणी शिकत असताना एकदा कामावरूनच मुलगी बघायला जायचं होतं. वाट विचारणं मोजणीदाराला शोभत नाही, म्हणून ते होकायंत्र धरून निघाले. मोजणीची सरकारी साखळी रानात टाकून जाणं बरं नाही, म्हणून ती खांद्यावर घेतली. साखळी लोखंडी. सुई तिच्याकडे ओढली गेली आणि काका भलत्याच गावी पोचले. मुलीकडे ते दुसऱ्या दिवशी उगवले. लग्न झालं, पण पुढची चाळीस वर्षं काकू म्हणत राहिल्या, "ह्यांना सोताची सासुरवाडी घावली न्हाई, आन् सरकारनं ह्यांच्याकडनं जमिनी मोजून घेतल्या!"

बाहत्तरच्या दुष्काळी हिवाळ्यात लष्कराच्या लोकांनी नगरबाहेरच्या माळावर नकाशा आणि होकायंत्राची शर्यत ठेवली. सात निशाणं शोधून परत यायचं. साठी उलटलेल्या काकांनी नाव दिलं. "एकदा तरी तिच्यादेखत नीट पोचायचंय," ते मला म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या पैलवानाच्या मनगटात पोलादी कडं दिसलं, तेव्हा त्यांनी त्यालाही सावध केलं. "पैलवान, कडं काढा. न्हाईतर माझ्यावानी भलत्याच गावाला जाल." पैलवान हसला. शिट्टी झाली. सगळे पळाले, काका चालू लागले. त्या साली माळावर गवत नव्हतं. बांध नकाशावरच्या रेघांसारखे उघडे पडले होते. काका पहिले आले. पैलवान संध्याकाळी कुणाच्या तरी बैलगाडीतून परतला.

काकू सकाळपासून शर्यत संपायच्या जागी छत्री धरून बसल्या होत्या. काकांनी बक्षिसाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पोचलो," ते म्हणाले.

"व्हय. आज येळंवर आलात." काकूंनी कप पदराने पुसला आणि काकांकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या दिशी दिवं लागंस्तवर मी उंबऱ्यातच बसले हुते."

हे त्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. परतताना काकांनी काकूंच्या हातातली लोखंडी काड्यांची छत्री घेतली, त्यांच्या डोक्यावर धरली, आणि घर येईपर्यंत होकायंत्र एकदाही बाहेर काढलं नाही.