धरणातली मासोळी आणि माझा पायगुण

मंडळी, आज आमच्या घरात माझा भाव एकदम वधारला!

आम्ही गोसीखुर्द धरणात मासे धरणारी माणसं. मागे एकदा मी ह्यांच्यासोबत डोंग्यात गेले आणि नेमकं जाळं रिकामं आलं. तेव्हापासून सासूबाईंचा हुकूमच होता, "तिले नेऊ नको. ती आली का मासोळी भेटत नाही."

त्यानंतर मी नसतानाही कितीदा तरी जाळं रिकामं आलं. तेव्हा दोष वाऱ्याचा, नाहीतर पाण्याचा. माझं नाव मात्र पक्कं झालेलं!

आज ह्यांच्यासोबत डोंगा वल्हवणाऱ्या जोडीदाराला ताप आला, म्हणून मीच वल्हं हाती घेतलं. जाळं ओढलं तर काय, रोहू आणि कटला नुसते उसळत होते! दोघांनी मिळून कसंबसं वर घेतलं.

टोपली पाहून सासूबाई म्हणाल्या, "तुह्याच पायगुणानं भेटली व बाई! आता रोज जात जा."

मी म्हटलं, "अन् उद्या नाही भेटली तं?"

हे हसत म्हणाले, "मंग वारा होता म्हणू!"

आता खरं सांगू? मासोळी तेव्हा माझ्यामुळे पळाली नव्हती आणि आज माझ्यामुळे आलीही नाही. जेवताना हेच सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी कटल्याचं मुंडकं माझ्या ताटात वाढलं. आजवर ते फक्त ह्यांनाच मिळायचं.

मी गुपचूप जेवले. तुम्ही असता तर बोलला असता का?