चार पन्नासची बस

'मुलींना यंत्रकामात रस नाही,' असा शेरा मारलेली फाइल टेबलावर आली, तेव्हा पद्मिनीताईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. सोमवारी पटावर बारा मुली दिसल्या नाहीत, तर लेथवरचा मुलींचा वर्ग बंद. उरल्या होत्या आठ.

हा वर्ग त्यांनीच उभा केलेला. सांगलीत डिप्लोमाला असताना वर्कशॉपमध्ये त्या एकट्याच मुलगी. लग्नानंतर चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये आल्या, तंत्रशिक्षण खात्यात लागल्या. नवऱ्याची बदली जोधपूरला झाली तरी त्या इथेच राहिल्या आणि खात्यातल्या पहिल्या महिला सहसंचालक झाल्या.

"कर सही आणि मोकळी हो," निवृत्त होऊन घरी परतलेले त्यांचे यजमान, कर्नल नंदकुमार, चहा ओतत म्हणाले.

"रस नाही म्हणे! विचारलंय का कुणी पोरींना?"

"मग तू विचार. तुला अडवणं फौजेलाही जमलं नाही, मी कोण?"

दुपारी त्या पॉलिटेक्निकात गेल्या. सिमरत नावाची मुलगी साडेचारलाच हत्यारं ठेवून निघालेली. ताईंनी तिला सेक्टर ४३च्या बसअड्ड्यासाठी आपल्या रिक्षात बसवलं.

"क्यों, लेथ अच्छा नहीं लगता?"

"बहुत अच्छा लगता है जी! पर प्रॅक्टिकल पाँच बजे छूटता है, गाँव की बस चार पचास पे. अगली साढ़ेसात की." पोरगी खाली बघत म्हणाली, "मम्मी कहती है, नाम कटवा दो."

प्रॅक्टिकलचं ते वेळापत्रक दरवर्षी त्यांच्याच सहीनं निघत होतं.

बसची वेळ हलणार नाही, असं अड्ड्यावरच्या साहेबांनी सांगितलं. मग ताईंनी प्रॅक्टिकल हलवलं. सकाळी आठला.

वर्कशॉपचे बलकारसिंग कुरकुरले, "मॅडमजी, सुबह लोहा ठंडा होता है."

"ठंड लोहे को लगती है या आपको, बलकारजी?"

रविवारभर ताई फोनला चिकटून होत्या. सोडून गेलेल्या एकेका मुलीच्या घरी हिंदी, मोडकीतोडकी पंजाबी, कधी नुसती विनवणी.

सोमवारी आठला अकरा जणी आल्या. सिमरत नव्हती. सव्वाआठ झाले. बलकारसिंग हजेरीपट मिटायला लागले.

"पाँच मिनट," ताई म्हणाल्या.

दारात सिमरत उभी राहिली, मागे तिची आई. आई तडक लेथपाशी आली, फिरत्या लोखंडाकडे बघत राहिली.

"ये लड़की को खींच तो नहीं लेगा?"

"बाल खुले हों तो खींच लेगा," ताईंनी खरं तेच सांगितलं.

आईनं सिमरतला पाठमोरी केलं, तिची कमरेपर्यंतची वेणी मुठीत धरली, पिळून घट्ट अंबाडा बांधला, आपल्या डोक्यातल्या दोन पिना काढून त्यात खोचल्या. मग तिला मान हलवून बघायला लावली; अंबाडा हलला नाही.

"हुण जा," ती लेथकडे बोट दाखवत म्हणाली.