फिर्यादी सिस्टर

परदेशी निघालेल्या परिचारिकांचे ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. त्याहून मोठे गुन्हे मी तपासले, खून तपासले, दरोडे तपासले. त्यांचे अनेक तपशील आता पुसट झाले आहेत. या प्रकरणातली फिर्यादी मात्र ठाण्यातल्या लाकडी बाकासकट जशीच्या तशी दिसते. नावे कोणाचीच देत नाही.

मी तेव्हा सोलापूर शहरातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. परदेशी नोकरीला जाणाऱ्या माणसाला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. परिचारिकांच्या बाबतीत तिच्याशिवाय तिकडची नर्सिंग परिषद नोंदणी करत नाही आणि नोंदणीशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही. पडताळणीचे हे अर्ज ज्यांच्याकडे असत, ते आमचे हवालदार एका सकाळी केबिनमध्ये आले.

"साहेब, शुक्रवार पेठेत एका खोलीत किती नर्स राहू शकतात?"

"का हो?"

"आणखी एक अर्ज आलाय. पत्ता पुन्हा तोच. खोली मी बघून आलोय. दोघी आडव्या झाल्या तर तिसरीला उभ्यानं झोपावं लागंल."

घरमालकीण निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी हवालदारांना आधी चप्पल बाहेर काढायला लावली आणि मग माहिती दिली. "राहत कुणीच नाही हो. एक गृहस्थ ऑफिस म्हणून वापरतात. मुली रविवारी येतात आणि जाताना डोळे पुसत जातात. विचारलं तर म्हणतात, काही नाही काकू, सर्दी झालीये. इतक्या मुलींना एकदम सर्दी?"

आम्हाला मिळालेली खबर एवढीच.

चौकशीत कळले ते असे. हा गृहस्थ मुलींना इंग्लंडमधल्या रुग्णालयांत नोकरी लावून देतो असे सांगे. परदेशी नोकरभरतीसाठी लागणारा परवाना त्याच्याकडे नव्हता. मुली खाजगी रुग्णालयांत काम करणाऱ्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या. हॉस्टेलचा पत्ता चालत नाही, असे सांगून त्याने सगळ्यांना आपल्याच खोलीचा पत्ता द्यायला लावला होता. मूळ पासपोर्ट आणि राज्य परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र तो स्वतःकडे ठेवून घेई. कामासाठी लागले की तेवढ्यापुरते हाती देई, पुन्हा काढून घेई. काम काही पुढे जात नव्हते आणि पासपोर्ट नसल्यामुळे मुलींना दुसरीकडे जाता येत नव्हते.

मी काही जणींना ठाण्यात बोलावले. एकही बोलली नाही. "सगळं व्यवस्थित आहे सर," एवढेच प्रत्येकीचे उत्तर. खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. घाबरलेला माणूस एकच वाक्य धरून बसतो. या मुली घाबरलेल्या होत्या.

कारण आमच्या महिला शिपायाने काढले. चहा पिताना एक मुलगी तिच्याजवळ बोलून गेली. एजंटाने सर्वांना बजावले होते की, पोलिसांच्या संगणकात एकदा नाव गेले, मग ते आरोपीचे असो वा फिर्यादीचे, पडताळणीचा क्लिअरन्स कायमचा बंद होतो. हे साफ खोटे होते. फिर्यादीच्या चारित्र्यावर फिर्यादीमुळे डाग पडत नाही. मी तसे स्पष्ट सांगितले. मुलींनी माना डोलावल्या आणि हॉस्टेलवर निघून गेल्या. कोणीही तक्रार दिली नाही. ज्या दारातून त्यांना जायचे होते त्या दारावर मीच बसलो होतो. माझ्या शब्दावर त्यांनी का विसंबावे?

तक्रारीशिवाय काम अडले. पासपोर्ट दिला होता आणि मागूनही मिळाला नाही, हे कुणीतरी सांगायला हवे होते.

दोन-तीन दिवसांनी दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. सांगोल्याकडची, मेंढपाळ घरातली. वडिलांच्या खांद्यावर घोंगडी होती. ते बाकाच्या कडेला टेकले. ती उभीच राहिली.

"साहेब, तक्रार द्यायची हाय."

"बसा सिस्टर."

"उभ्यानं सांगते. सवय हाय."

दवाखान्यात पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला प्रत्येक रुग्णाची स्थिती सांगते. त्याला त्या 'ओव्हर देणे' म्हणतात. हिने मला तसा ओव्हर दिला. प्रत्येक मुलगी कोणत्या रुग्णालयात आहे, कोणती परीक्षा पास झाली आहे, काय अडले आहे, हे ती एकेक करून सांगत गेली. एकीच्या इंग्रजी परीक्षेच्या गुणांची मुदत संपत आली होती. ती टळली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. "तिचं आदी बगा," ती म्हणाली. "तिला लई येळ न्हाय. बाकीच्या थांबू शकत्यात." स्वतःबद्दल ती शेवटी बोलली आणि एका वाक्यात आटोपले. कुठे आवाज चढला नाही, एजंटाला एक शिवी नाही. इतका नीट जबाब मी वकिलांकडूनही क्वचित ऐकला असेल.

तिने सही करण्यापूर्वी वडिलांनी मला विचारले, "हिला काय अडचण येणार न्हाय न्हवं?"

"काहीही येणार नाही."

त्यांनी मुलीकडे पाहिले. "बाबा, तुमी गप बसा की," ती म्हणाली आणि सही केली.

गुन्हा नोंदवून आम्ही एजंटाला ताब्यात घेतले. मऊ बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. चौकशीला सुरुवात होण्याआधी त्यानेच मला विचारले, "सर, चहा घेतला का?"

"पासपोर्ट कुठे आहेत?"

"कौन्सिलकडे गेलेत सर. प्रोसेस आहे. वेळ लागतो."

तिकडची परिषद मूळ पासपोर्ट मागवत नाही, हे मी माहिती घेऊन ठेवले होते. तसे सांगितल्यावर तो म्हणाला की, ते मुंबईच्या प्रतिनिधीकडे असतील. प्रतिनिधीचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी दिल्लीला गेला. प्रत्येक उत्तराला नवे गाव. असा माणूस ओरडण्याने मोडत नाही. त्याला ठाऊक असते की, समोरच्याकडे काही नाही.

आमच्याकडे एक चित्रफीत होती. मुली फार मागे लागल्या तेव्हा त्यांची समजूत काढण्यासाठी त्यानेच ती पाठवली होती. स्टीलचा एक गोल डबा, त्यात पासपोर्ट रचलेले, आणि त्याचा आवाज: सगळं सेफ आहे, काळजी करू नका. हवालदारांना तो फराळाचा डबा वाटला. आम्ही त्याच्या घरातले स्वयंपाकघर उलथेपालथे केले. त्याच्या बायकोने चिवड्यापासून डाळीपर्यंत सगळे डबे स्वतःच उघडून दाखवले. "बघा की, सगळं बघा. जाताना झाकणं तेवढी लावा," एवढेच ती म्हणाली.

फिर्यादी पुरवणी जबाबासाठी आली तेव्हा मी ती चित्रफीत तिच्यापुढे धरली. मुलींनी ती फोनवर घाईत पाहिली होती, नजर पासपोर्टांवर होती. आता तिने डब्याकडे पाहिले.

"साहेब, ह्यो डबा न्हाय. ड्रेसिंग ड्रम हाय."

"म्हणजे?"

"कापूस, पट्ट्या भरून वाफेवर निर्जंतुक करायचा. बाजूला भोकं दिसत्यात का? ही पट्टी सरकवली की ती बंद व्हत्यात. आमच्या मोठ्या दवाखान्यात आता पाकिटं आली. असले ड्रम जुन्या नर्सिंग होममधी ऱ्हायलेत." मग ती म्हणाली, "नर्सांना ड्रम दाखवला त्यानं. आणि आमाला कुणालाच दिसला न्हाय."

एजंट परिचारिकांचा धंदा करत होता, पण वॉर्डात तो कधी उभा राहिला नव्हता. त्याच्या लेखी तो घट्ट झाकणाचा डबा होता.

हवालदारांनी त्याच्या नातेवाइकांची माहिती काढली. सासऱ्यांचे अक्कलकोटला प्रसूतिगृह होते, बरीच वर्षे बंद. त्या दिवशी मी त्याला पासपोर्टबद्दल काहीच विचारले नाही. समोर बसलो आणि म्हणालो, "अक्कलकोटच्या प्रसूतिगृहाच्या चाव्या कुणाकडे असतात?"

त्याने पाणी मागितले. ग्लास अर्धा प्यायला, खाली ठेवला आणि म्हणाला, "माझ्याकडेच."

पंच घेऊन आम्ही अक्कलकोटला गेलो. पंचांपैकी एक शेजारचे दुकानदार होते. त्यांना आमच्या हवालदारांनी कन्नडमध्ये सगळे समजावले. शस्त्रक्रियेच्या खोलीशेजारी, धूळ बसलेल्या मांडणीवर ते ड्रम ओळीने होते. एकावरची धूळ पुसलेली होती. पासपोर्ट त्यात होते, नोंदणीची प्रमाणपत्रे शेजारच्या कपाटात. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला.

जप्त वस्तू न्यायालयाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाही. आदेश मिळाल्यावर मुलींना ठाण्यात बोलावले. फिर्यादीने मला विचारून एक गोष्ट केली. तिने नावे पुकारली. गुणांची मुदत संपत आलेली मुलगी पहिली. ती सही करून थेट बाहेर पळाली, तिचा भाऊ मोटारसायकल सुरू ठेवून उभा होता. मग बाकीच्या. त्यांचे चुकीचे पत्ते दुरुस्त करून घेऊन आम्ही पडताळणीचे अहवाल पाठवले. फिर्यादीने स्वतःचा पासपोर्ट सगळ्यांत शेवटी घेतला, पिशवीत घातला आणि ड्यूटीवर गेली.

काही महिन्यांनी ती एका कागदावर सही करायला आली होती. तोवर बहुतेक मुली निघून गेल्या होत्या. मी सहज विचारले, "तुमचा क्लिअरन्सचा अर्ज आमच्याकडे कसा आला नाही?"

"केलाच न्हाय साहेब."

"का?"

तिला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "माझं नाव आलंय की तुमच्याकडं. फिर्यादी म्हणून."

मी हातातले काम बाजूला ठेवले. हिला मी तोंडावर सांगितले होते, काहीही अडचण येणार नाही. तिचा त्यावर विश्वास बसलेला नव्हता. आपले परदेशी जाणे या सहीबरोबर संपते आहे, असे समजून तिने सही केली होती. वडिलांनाही तसेच वाटत होते. म्हणून तो प्रश्न होता, आणि म्हणून ते 'तुमी गप बसा'.

"मग सही केलीत कशाला?"

"पुढच्या पाळीची रिलिव्हर आल्याबिगर वॉर्ड सोडता येत न्हाय साहेब. सगळ्याच निघाल्या तर पेशंटजवळ कोण? एकीला थांबाय लागतंच की." मग जरा हसून, "माझी इंग्रजीची मुदत लांब व्हती. मीच थांबले."

मी हवालदारांना हाक मारली. त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला आणि तिचे नाव टाकून दाखवले. ती वाकून पडद्यावर काहीतरी शोधू लागली.

"लाल खूण कुटं असती?" तिने विचारले.

"अशी खूणच नसते, सिस्टर," हवालदार म्हणाले.

तिने अर्ज केला. प्रतिकूल नोंद नाही, असा अहवाल मी स्वतः पाहून पाठवला. जाण्यापूर्वी ती ठाण्यात आली आणि उभ्यानेच मला पुन्हा ओव्हर दिला: कोणती साक्षीदार आता कुठे आहे, साक्षीसाठी कुणाला कसा निरोप धाडायचा, एजंटाचा वकील कोणत्या मुलीच्या घरी जाऊन आला. मग नमस्कार करून निघाली.

गुन्हा उघडकीला आणणे म्हणजे धागा सापडणे, असे मी तोवर समजत असे. धागा तिनेच दिला, हे खरे. पण त्याआधी तिने जे दिले होते त्याची आम्हाला कल्पनाही नव्हती, आणि विचारले नसते तर कधी कळलेही नसते. सहीमागे काय असते, हे तेव्हापासून मी प्रत्येक फिर्यादीला विचारत गेलो.

निवृत्तीच्या दिवशी माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने मला खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. प्रलंबित प्रकरणे एकेक करून, उभ्यानेच सांगितली. ज्याची वेळ संपत आली होती ते पहिले.